इंजिन बसवलंस, ब्रेक कुठे आहेत?

फोन खिशात ठेव. तो व्हिडिओ मी नीट पाहिला आहे. चावी फिरवलीस, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मालकाने तुझ्या पाठीवर थाप मारली. मला मात्र त्यात दुसरंच काही दिसलं. गाडी गॅरेजसमोरच्या उतारावर उभी होती आणि मागच्या चाकाला दगड लावलेला होता. हॅन्डब्रेक धरत नाही, म्हणून दगड. जिला तू एकशेवीस घोड्यांचं इंजिन दिलंस, ती गाडी जागेवर उभी राहायला दगड मागते. आणि तीच गाडी तू परवा घाटात फिरवून आलास, मालकाची दोन मुलं मागे बसवून. मी तुला बोलावलंय ते यासाठी. कौतुक ऐकायची तयारी करून आला असशील तर ती आधी मोड.

काय केलंस ते मी सांगतो, चुकलं तर मध्ये बोल. मालकाची जीप सीजे-३बी. आत हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स, त्यामागे डाना १८ ट्रान्सफर केस. इंजिन दमलं होतं, ऑइल पीत होतं, सुटे भाग मिळत नव्हते, हे खरं. मालकाला चढावर जोर हवा होता, हेही खरं. तू अपघातात मोडलेल्या स्कॉर्पिओचं २.२ लिटरचं एमहॉक आणलंस, लोखंडी पत्र्यातून अ‍ॅडॅप्टर प्लेट कापलीस, जुन्याच गिअरबॉक्सला नवं इंजिन जोडलंस, फाउंडेशनसाठी चेसिसवर अँगल वेल्ड केलेस आणि मालकाला म्हणालास, आता ही कुठेही चढेल. चढेल ना. उतरेल कशी, हे मालकाने विचारलं नाही, कारण ते त्याचं काम नाही. ते तुझं काम होतं, आणि तूही विचारलं नाहीस.

इंजिन बसवणं हा या सगळ्या उद्योगातला सोपा भाग आहे. चेन ब्लॉक, चार बोल्ट आणि धीर असला की कुणालाही जमतं. तू म्हणतोस, मी इंजिन बदललं. मी म्हणतो, तू गाडी बदललीस. कंपनीत जेव्हा नवं इंजिन गाडीत जातं तेव्हा ब्रेकचा माणूस, गिअरबॉक्सचा माणूस, स्प्रिंगचा, कूलिंगचा, वायरिंगचा, प्रत्येक जण आपला हिशेब पुन्हा मांडतो. तुझ्या गॅरेजमध्ये ही सगळी माणसं एकाच अंगात आहेत आणि त्या अंगाने फक्त इंजिनवाल्याचं काम केलं. उद्या या गाडीचं काही झालं तर ती विलीसने बनवलेली नाही आणि महिंद्रानेही बनवलेली नाही. ती तू बनवलेली आहेस. मिस्त्री म्हणून तू गाडीत शिरलास आणि निर्माता होऊन बाहेर आलास, आणि तुला त्याचा पत्ताच नाही.

या जीपचा इतिहास तुला ट्रेड थिअरीच्या तासाला सांगितला होता. परीक्षेत येत नाही म्हणून तू तो सोडून दिलास. आज तोच तुझ्या कामाचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये ‘गो डेव्हिल’ नावाचं ६० अश्वशक्तीचं इंजिन होतं. दोन्ही व्हॉल्व ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड चपटं आणि इंजिन बुटकं. पुढे विलीसने हरिकेन काढलं. इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये नेला, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवला. शक्ती किती वाढली? दहा-बारा घोडे. पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ मध्ये बॉनेट आणि समोरची जाळी उंच केलेली सीजे-३बी बाजारात आली. तुझ्या समोर उभ्या असलेल्या गाडीचा तो उंच चेहरा कुणा चित्रकाराला सुचलेला नाही. नवं इंजिन जुन्या गाडीत घालताना मूळ कंपनीला काय करावं लागलं, त्याची ती उघड खूण आहे. तू रोज त्या बॉनेटवर पाने ठेवत होतास.

पुढचंही ऐक. १९६५ मध्ये, तेव्हा जीप बनवणाऱ्या कायझर कंपनीने सीजे-५ मध्ये ब्यूकचं २२५ घन इंचाचं व्ही-६ इंजिन दिलं, तेव्हा त्यामागे टी-९० ठेवला नाही, दुसरा गिअरबॉक्स लावला. आपल्याकडे महिंद्रानेही इंजिनं बदललीच. आधी इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, नंतर प्यूजोच्या परवान्याने इगतपुरीला बनणारं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं आणि एमएम-५४० मध्ये त्याच्या जोडीला चार गिअरचा गिअरबॉक्स आला. त्या डिझेलची शक्ती होती ६२ अश्वशक्ती. बासष्ट! ज्यांच्याकडे ड्रॉइंग ऑफिस होतं, टेस्ट ट्रॅक होता, धातू तपासायची प्रयोगशाळा होती, ते सावकाश पावलं टाकत गेले. तू एका उडीत एकशेवीसवर गेलास, आणि तेही त्याच जुन्या गिअरबॉक्सवर.

ये, फळ्यापाशी ये. खडू घे. हरिकेनचा टॉर्क साधारण १५५ न्यूटन मीटर. टी-९० चा पहिला गिअर २.८. डाना १८ चा लो २.४६. डिफरन्शियल ५.३८. गुणाकार कर. सदतीस येतात. म्हणजे लो लावून पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा टॉर्क सदतीस पट होऊन चाकांपर्यंत जातो, घर्षणात जाईल ते सोडून. १५५ ला सदतीसने गुण. ५,७०० च्या वर. ही गाडी बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा आकडा होता. प्रत्येक दाता, प्रत्येक क्रॉस, प्रत्येक एक्सेल या आकड्याच्या हिशेबाने घडवलेला आहे. आता १५५ पूस आणि एमहॉकचे २९० लिही. १०,७००. बघ नीट त्या आकड्याकडे. हा हिशेब करायला तुला दोन मिनिटं लागली. प्लेट कापायच्या आधी ही दोन मिनिटं तुझ्याकडे नव्हती?

तू म्हणशील, सर, चाक आधीच घसरतं, एवढा टॉर्क पोचतच नाही. चिखलात बरोबर आहे. चिखल गाडीवर दया करतो. पण सह्याद्रीत दगड आहे. पुढचं चाक दोन दगडांत अडकतं, मागचं कोरड्या कातळावर पकड घेतं, आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो. हरिकेन असतं तर ते घरघरून बंद पडलं असतं. तेच या गाडीचं संरक्षण होतं. हे टर्बो डिझेल बंद पडत नाही. ते १,८०० फेऱ्यांना सगळा जोर एकदम देतं. मग कुठेतरी काहीतरी तुटतंच. कुठे, ते मी सांगतो. या जीपचा मागचा एक्सेल सेमी-फ्लोटिंग आहे. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब, मध्ये किल्ली. गाडीचं वजनही त्याच शाफ्टवर आणि टॉर्कही त्याच शाफ्टवर. तो बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर नुसती ताकद जात नाही, हबसकट चाक निखळून बाहेर येतं. आणि ब्रेकचा ड्रम कुठे असतो? त्याच हबवर. तो चाकाबरोबर निघून जातो, एकाच मास्टर सिलिंडरवर चालणारा सगळा ब्रेकही त्या एका तुटण्याने जातो, आणि तुझ्या पायाखाली उरतो रिकामा पेडल. ही कल्पना नाही. तो एक्सेल उघडून बघ, त्याची रचनाच तशी आहे.

आता ती प्लेट. इंजिनचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा प्रायमरी शाफ्ट एका रेषेत हवेत, हे तू तोंडपाठ म्हणून दाखवायचास. एका रेषेत म्हणजे किती? बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाला डायल गेज लावून क्रँक फिरवायचा आणि काटा पाच थाउच्या आत राहायला हवा. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.१३. तू प्लेट गॅस कटरने कापलीस, जुनी गॅस्केट ठेवून भोकांच्या खुणा केल्यास आणि ड्रिलवर भोकं पाडलीस. डॉवेल पिन एकही नाही. बोल्ट दोन भाग एकमेकांना दाबून धरतात, ते त्यांना एका केंद्रावर आणत नाहीत. ते काम डॉवेलचं. क्लच सोडताना गाडी थरथरते ना? दुसरा गिअर आपोआप निसटतो ना? मालक म्हणतो, नवीन इंजिनची सवय होईल. तुला माहीत आहे की ही सवय होण्यातली गोष्ट नाही. स्पिगॉट बेअरिंग झिजतंय, क्लच प्लेटचा हब रोज थोडा थोडा वाकतोय. गेज मागायला गावातल्या कुठल्याही लेथवाल्याकडे गेला असतास तरी त्याने दिलं असतं. इथे वर्कशॉपच्या कपाटात चार पडून आहेत. तू मागितलं नाहीस, कारण काटा काय दाखवेल ते तुला ठाऊक होतं.

आणि मग ब्रेक. माझा सगळा राग इथे आहे.

या जीपच्या चारही चाकांना नऊ इंची ड्रम आहेत. बूस्टर नाही. एकच सर्किट, म्हणजे एका पाइपला चीर पडली की चारही चाकांचा ब्रेक गेला. मास्टर सिलिंडर पायाखाली चेसिसवर, जिथे चिखल आणि पाणी सगळ्यात आधी पोचतं. ही व्यवस्था आजच्या मापाने कमकुवत आहे, पण त्या काळी ती पुरत होती. का पुरत होती? कारण इंजिनही तेवढंच होतं. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जायची, वळणाआधी वेगच नसायचा. म्हणजे त्या कमकुवत ब्रेकचं राखण जुनं, थकलेलं इंजिन करत होतं. तू तो राखणदार काढून टाकलास आणि त्याच्या जागी काहीच ठेवलं नाहीस. ताशी ६० ऐवजी ९० ने गाडी पळाली तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. हे शाळेच्या विज्ञानात आहे. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन त्याच ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब सरकतो, पेडल खाली खाली जात राहतो. वरंध घाट उतरताना हे तिसऱ्या-चौथ्या वळणावर जाणवतं, आणि ज्याला जाणवतं त्याच्याकडे तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

वर तू पेट्रोलचं डिझेल केलंस. पेट्रोल इंजिनाचा ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद होतो, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो आणि इंजिन गाडी मागे खेचून धरतं. या डिझेलला तसा थ्रॉटल हवा अडवून धरत नाही. दाबलेली हवा परत फुगते आणि घेतलेला जोर बराचसा परत देऊन टाकते. उतारावर गिअरमध्ये धरून ठेवण्याचा जो भरवसा या मालकाला इतकी वर्षं होता, तो तू काढून घेतलास आणि त्याला सांगितलंही नाहीस. तो अजून पूर्वीसारखाच ॲक्सिलरेटर सोडून निवांत उतरेल. बूस्टर लावू म्हणत असशील तर तोही विचार पूर्ण कर: डिझेलच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही, पंपावरून घ्यावा लागतो, आणि तो पंप तू फिरवतोयस पण त्याची नळी बूच मारून बंद केली आहेस. मला व्हिडिओत दिसली.

राहिला हॅन्डब्रेक. या गाडीचा हॅन्डब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी आहे, प्रॉपेलर शाफ्टवर. तुझा तो धरत नाही कारण मागच्या सीलमधून ऑइल गळून ड्रममध्ये जातंय आणि लायनर भिजलेत. एक सील, एक जोडी लायनर. ते काम टाळून तू दगड शोधलास. आणि लक्षात घे, क्रॉस तुटला, शाफ्ट तुटला किंवा एक्सेल तुटला, तर हा हॅन्डब्रेक चाकांना धरूच शकत नाही. म्हणजे जे तुटण्याची शक्यता तू वाढवलीस, त्याच गोष्टींवर शेवटचा ब्रेक लटकतोय.

मान खाली घालू नकोस, ऐक. संपलेलं नाही.

डिझेलची लाइन. जुन्या मायको पंपाच्या गाड्यांवर तू शिकलास, तिथे एअर काढायला इंजिन फिरत असताना इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायची पद्धत होती. हे कॉमन रेल आहे. रेलमध्ये दाब १,६०० बारपर्यंत जातो. चालत्या इंजिनवर त्या नटाला पाना लावायचा नाही, आणि गळती कुठे आहे ते बघायला बोट फिरवायचं नाही. मी व्हिडिओत तुझ्या पोराला तसं बोट फिरवताना पाहिलं. तेवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते. बाहेर सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल बोटाच्या उतींत पसरत जातं. तासाभराचा उशीरही महागात पडतो, बोट कापायची वेळ येते. गळती शोधायची तर आधी इंजिन बंद करून दाब उतरल्यावर पाइप पुसून घ्यायचा, मग इंजिन सुरू करून पुठ्ठा धरायचा, बोट नाही. तो पोरगा सतरा-अठरा वर्षांचा असेल. त्याच्या बोटांची जबाबदारी तू घेतली आहेस, त्याच्या आईने तुझ्याकडे पाठवलाय त्याला.

टाकी तीच जुनी ठेवलीस, ड्रायव्हरच्या सीटखालची. पेट्रोलच्या काळातला गंज तिच्या तळाशी आहे. कार्ब्युरेटर तो गंज सहन करायचा. या इंजेक्टरांमधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. पाणी वेगळं करणारा फिल्टर तू लावला नाहीस, परतीची लाइन टाकीच्या झाकणात भोक पाडून सोडलीस. वायरिंगचं तर बोलायलाच नको: ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, तारा पिळून वर टेप गुंडाळलीस, त्यातला एक गुच्छ सायलेन्सरच्या पाइपला टेकलाय, फ्यूज नाही. ब्रेकचा स्विच ईसीएमला जोडलेलाच नाही. ज्या इंजिनाचा ॲक्सिलरेटर तारेने नाही तर सेन्सरने चालतो, त्याला ड्रायव्हरने ब्रेक दाबला हे कळायला नको? कूलिंगचं पुढच्या उन्हाळ्यात कळेलच, तो अरुंद रेडिएटर आणि त्यापुढे टांगलेला इंटरकूलर बघून मी एवढंच म्हणतो की फॅनला शीट मेटलचं आवरण तरी कर.

इंजिन बसावं म्हणून तू ते मागून खाली झुकवलंस. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे कोन सारखे नसतील तर क्रॉस एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि तो धक्का थेट त्याच गिअरबॉक्सला बसतो ज्याचा हिशेब आपण आत्ता फळ्यावर केला. पुढे चेंबर आणि पुढचं डिफरन्शियल यांत किती जागा उरली? मी विचारतोय, सांग. दीड बोट. उभ्या गाडीत दीड बोट. पाटे दबले की डिफरन्शियल वर येतो आणि चेंबर फोडतो. बंप स्टॉप लावलेत? नाही. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड मारायचा नसतो, तिथेच सगळा ताण असतो, हे मी तुमच्या बॅचला स्वतः होल्डर हातात धरून दाखवलं होतं. तू नेमका तिथेच मारलास.

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळहून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२ अ आलं. न चालणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मालकाला, कळलं? गुन्हा त्याच्या नावावर लागतो, कारण गाडी त्याच्या नावावर आहे. इंधन बदललं, इंजिन क्रमांक बदलला, तू त्याला आरटीओचं नावसुद्धा काढू दिलं नाहीस. ‘जुन्या जीपला कोण विचारतं’ असं म्हणालास. अपघातानंतर विमा कंपनी विचारते. पंचनामा करणारा विचारतो. ज्याच्या अंगावर गाडी गेली त्याचे नातेवाईक विचारतात. आणि ते इंजिन जिथून आणलंस त्या दुकानाचं पक्कं बिल तरी आहे का? अपघाती गाडीचं असेल तर तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हवा. नसेल तर ते चोरीचं नाही याचा तुझ्याकडे काय पुरावा आहे?

मी हे सगळं दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. दुसरा असता तर मी म्हटलं असतं, अडाणी आहे, आणि गप्प बसलो असतो. तुझा हात चांगला आहे. पहिल्या वर्षी तू गिअरबॉक्स खोलून डोळे मिटून परत जोडायचास, सगळी बॅच बघत उभी राहायची. एमहॉकचं वायरिंग कुणाच्या मदतीशिवाय जिवंत करणं सोपं नाही, ते तू केलंस, मला कळतं ते. म्हणूनच मी आज आवाज चढवलाय. ज्याला येत नाही त्याच्या हातून गाडी सुरूच होत नाही, त्यामुळे त्याच्याकडून फारसं कुणी मरत नाही. ज्याला निम्मं येतं आणि निम्म्यावर थांबतो, त्याची गाडी सुरू होते, घाटापर्यंत जाते, आणि लोक विश्वासाने तीत बसतात.

मालकाने पैसे इंजिनसाठीच दिले, ब्रेकसाठी द्यायला तयार नव्हता, असं तू सांगशील. मग काम नाकारायचं होतंस. बजेट कमी आहे म्हणून शक्ती कमी ठेवता येते, ब्रेक कमी ठेवता येत नाही. त्याला सांगायचं होतंस की हरिकेनच रीबोर करून देतो, पिस्टन-रिंगा ओव्हरसाइझ मिळवून देतो, गाडी तुझ्या शेतावर आणखी दहा-पंधरा वर्षं जाईल. किंवा जोरच हवा असेल तर याच घराण्यात कंपनीने स्वतः बसवलेलं डिझेल, त्याचा चार गिअरचा गिअरबॉक्स आणि ब्रेक असा सगळा संच एकत्र आणू, आणि आधी आरटीओत अर्ज देऊ. तिथे नाही म्हणाले तर नाही. गिऱ्हाईक रागावून दुसऱ्या गॅरेजला गेलं असतं. जाऊ द्यायचं. दुसऱ्याने केलेल्या कामावर तुझं नाव नसतं.

आता काय करायचं ते लिहून घे. ही गाडी आजपासून रस्त्यावर जाणार नाही, शेताच्या बांधापर्यंतसुद्धा नाही. आज संध्याकाळी तू स्वतः मालकाच्या घरी जायचं आणि बायको-मुलांसमोर त्याला सांगायचं की गाडी धोक्याची आहे आणि ती तुझ्या कामामुळे धोक्याची आहे. फोनवर नाही, समोर बसून. बॅटरीची तार काढून त्याच्या हातात दे. पैसे परत मागितले तर देण्याची तयारी ठेवून जा.

मग गाडी इथे वर्कशॉपला येईल. पहिल्यांदा ब्रेक उघडायचे, इंजिनाला हातही लावायचा नाही. चारही ड्रम, सगळे व्हील सिलिंडर, सगळे पाइप. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसतो का ते मोजायचं. हॅन्डब्रेकचं सील आणि लायनर त्याच दिवशी. त्यानंतर प्लेट उतरवायची आणि तू स्वतः क्रँकवर डायल गेज लावायचं, मी बाजूला उभा राहीन. काटा काय दाखवतो ते वहीत लिहायचं, खोडायचं नाही. त्या आकड्यानंतर आपण ठरवू की हे एमहॉक या जीपमध्ये राहणार की निघणार. माझं मत विचारशील तर ते निघणार. टी-९० त्याला पेलणार नाही आणि स्कॉर्पिओचा गिअरबॉक्स घातलास तर ट्रान्सफर केस, शाफ्ट, एक्सेल सगळंच बदलावं लागेल, मग त्या गाडीत जुनी जीप उरतेच किती? पण मी सांगतो म्हणून काढू नकोस. आकडे बघ, आणि स्वतःच्या तोंडाने सांग. सध्याच्या मुलांनाही मी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये ठेवणार आहे, त्यांच्यासमोर सांग.

सोमवारी सकाळी नऊला. टोचन करून आणायची, चालवत आणायची नाही. टोचनाला साखळी किंवा दोर चालणार नाही, दांडा लाव. ओढणारी गाडी थांबली तर या जीपला स्वतःहून थांबता येत नाही. आणि त्या पोराला बरोबर आण. त्याची बोटं मला बघायची आहेत.